डीपी जाळल्याचा कबुलीजबाब

शेवगावातल्या आमच्या गुलमोहर सोसायटीची खांबावरची डीपी माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरने जाळली. तसं मी लेखी कबूल केलेलं आहे. खाली सही आहे, सहीखाली तारीख आहे, आणि साक्षीदार म्हणून अकरा कुटुंबांच्या अकरा सह्या आहेत, त्यातली एक अंगठ्याची. एखादी गोष्ट याहून जास्त खरी असू शकत नाही.

आता हे विसरून जा. असं काही झालेलंच नाही. स्कूटरने डीपी जाळली नाही, मी काही कबूल केलं नाही, सोसायटीत सगळे एकमेकांशी हसून बोलतात, आणि आपण पहिल्यापासून सुरुवात करतो आहोत.

मी परवेझ. इथल्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. म्हणजे मुलांनी व्होल्टमीटर उलटा जोडला की मी तो सरळ करून देतो, आणि जळाला की रजिस्टरमध्ये 'जळाला' असं लिहितो. एवढ्या भांडवलावर सोसायटीने मला विजेतला जाणकार मानलं होतं. कुणाचा मिक्सर अडला, कुणाला गीझरने झटका दिला, की मला बोलावणं यायचं. मी जायचो, गंभीर चेहऱ्याने बघायचो आणि वायरमनला बोलवा असं सांगायचो. लोकांचा माझ्यावर विश्वास होता. हे वाक्य भूतकाळात आहे याची नोंद घ्यावी.

स्कूटर घेतली ती माझ्या बायकोसाठी. सबिहा बावीस किलोमीटरवरच्या बाभूळतळे गावात आरोग्य उपकेंद्रावर कंत्राटी नर्स आहे. कंत्राट अकरा महिन्यांचं. ते संपलं की वरून यादी येते. यादीत नाव असलं तर पुढचे अकरा महिने ती नर्स, नसलं तर ती घरी आणि घराचा हप्ता वाऱ्यावर. हजेरी मोबाईलवर लागते. उपकेंद्राच्या दारात उभं राहून नऊच्या आत मोबाईलला तोंड दाखवायचं. नऊ वाजून एक मिनिटाने मोबाईल तोंड ओळखतो, पण उशिरा आलेलं तोंड म्हणून. बाभूळतळ्याला सकाळी एकच बस, आणि तिचा स्वभाव मनस्वी. दोनदा उशीर झाल्यावर तालुक्याहून कागद आला, की तिसऱ्या उशिरानंतर नूतनीकरणाची शिफारस करता येणार नाही. शिफारशींची यादी एप्रिलअखेर वर जाणार होती. सबिहाने तो कागद फ्रिजच्या दाराला चुंबकाने चिकटवला. त्यानंतर पाणी प्यायला गेलं तरी आपण तिसऱ्यांदा उशीर करतोय असं वाटायचं.

म्हणून स्कूटर. पेट्रोलचीच का नाही घेतली, हे मला नंतर इतक्या लोकांनी विचारलं की आता माझं मलाच आठवत नाही.

गाडी आली त्या संध्याकाळी सगळी सोसायटी पार्किंगमध्ये जमली. नवी गाडी आली की आमच्याकडे नारळ फोडतात. या वेळी नारळ आप्पासाहेबांच्या हातात तसाच राहिला. आप्पासाहेब हे आमचे चेअरमन. गावाबाहेर ऊस आणि कापूस, इथे फ्लॅट नंबर एक, चेअरमनपद सलग चौदा वर्षं. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, सीट उचलून पाहिली, मग गुडघ्यावर बसून खालून पाहिली.

"इंजन कुटं हाय?"

नसतं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुकानदाराने मला मिठाईचा रिकामा डबा बांधून दिला आणि मी तो हसत घरी आणला. सेक्रेटरी आसाराम भाऊ हे निवृत्त ग्रामसेवक. त्यांनी हिरवी नंबरप्लेट पाहून ही शेतकी खात्याची गाडी असल्याचं जाहीर केलं आणि मला ती कोणत्या योजनेतून मिळाली हे हळूच विचारलं. कुठल्याच योजनेतून नाही म्हटल्यावर त्यांचा संशय पक्का झाला. योजनेत मिळालेली वस्तू लोक कबूल करत नाहीत हे त्यांनी तीस वर्षं पाहिलेलं होतं.

आप्पांच्या सौभाग्यवती छबूबाई काकू यांचा आक्षेप वेगळा होता. गाडी आवाज करत नव्हती. दुसऱ्याच दिवशी काकू पार्किंगमध्ये कुरडया वाळत घालत होत्या. सबिहा मागून येऊन थांबली आणि "काकू, जरा सरकता का," म्हणाली. काकू दचकून स्वतःच्याच कुरडयांवर उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी काकूंनी शेळीच्या गळ्यातली एक घंटी आणून स्कूटरच्या हँडलला स्वतःच्या हाताने बांधली. एकविसाव्या शतकातलं हे वाहन त्यानंतर कळप चुकल्यासारखं वाजत येऊ लागलं. बाभूळतळ्यात त्या आवाजाचा अर्थ इंजेक्शन असा झाला आणि मुलं गोठ्यात लपू लागली, पण तो प्रश्न आरोग्य खात्याचा.

आता चार्जिंग. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, नंबर सात. मी गॅलरीतून एक जाड वायर खाली पार्किंगमध्ये सोडली. वीज माझ्या मीटरची, वायर माझी, गाडी माझी. पण माणसाने स्वच्छ असून भागत नाही, दिसलंही पाहिजे, म्हणून मी वायरला एक पुठ्ठा बांधला: 'ही वीज फ्लॅट नं. ७ च्या मीटरवरून घेतलेली आहे.' तोपर्यंत कुणाच्या मनात काही नव्हतं. पुठ्ठा वाचल्यावर सगळ्यांच्या मनात एकदम आलं, की ही वीज जिन्यातल्या सामायिक मीटरवरून घेतलेली असणार. नाहीतर पाटी कशाला लावेल.

त्यानंतर सोसायटीत जे जे बिघडलं ते स्कूटरने बिघडवलं. पंखे हळू फिरू लागले. काकूंचं विरजण लागेना. आसाराम भाऊंच्या कानातल्या मशीनमध्ये संध्याकाळी साडेसहाला कुणीतरी कुजबुजायचं, आणि स्कूटर साडेसहालाच लावलेली असायची. मी समजावून सांगितलं की ही गाडी चार्ज होताना फक्त एका इस्त्रीएवढी वीज घेते. यावर लोकांनी विचार केला आणि विचारलं, की रोज चार तास तू कुणाचे कपडे इस्त्री करतोस.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. आमच्या सोसायटीत बाराही कुटुंबं फ्लॅटमध्ये राहत असली तरी त्यातल्या नऊ जणांचं मन रानात असतं. रानातला कायदा असा, की एका डीपीवर, म्हणजे खांबावरच्या त्या तेल भरलेल्या ट्रान्सफॉर्मरवर, दहा जणांच्या विहिरींच्या मोटरी असतात. सगळ्यांनी एकदम चालू केल्या तर डीपी जळते. म्हणून प्रत्येकाची बारी ठरलेली असते. आज सकाळी ह्याची मोटर, दुपारी त्याची. बारी सोडून मोटर चालवून ज्याने डीपी जाळली, त्याने टेम्पो करायचा, जळकी डीपी घेऊन नगरला जायचं आणि दुसरी घेऊन यायचं. हा कायदा कुठेही लिहिलेला नाही, त्यामुळे त्यात पळवाट नाही.

त्यावर सोसायटीची सभा भरली आणि आसाराम भाऊंनी मला सरळ प्रश्न विचारला. मोटर किती एचपीची?

मी विज्ञानाचा माणूस. मी गाडीचं पुस्तक काढलं, त्यातले किलोवॅट वाचले, कागदावर गुणाकार केला आणि अभिमानाने सांगितलं: साडेपाच. हा आकडा चाक फिरवणाऱ्या मोटरचा होता, चार्जिंगचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण हे माझ्या लक्षात येईपर्यंत आसाराम भाऊंनी तो वहीत लिहून घेतला होता. साडेपाच एचपीची मोटर जिन्याखाली, आणि कुणालाच बारी माहीत नाही.

ठराव क्रमांक चार एकमताने मंजूर झाला. स्कूटरला आठवड्यातून दोन बाऱ्या, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते चार. मी नम्रपणे लक्षात आणून दिलं, की त्या वेळी स्कूटर बाभूळतळ्यात असते. आसाराम भाऊ म्हणाले, ठराव लिहून झालाय, आता स्कूटरने वेळ पाळावी.

शिवाय त्यांनी एक वाट ठेवली होती. वीज कार्यालयाकडून लोडचा दाखला आणलास तर फेरविचार करू. मी अर्धी रजा टाकून कार्यालयात गेलो. तिथल्या क्लार्कने माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि फॉर्म पुढे केला. फॉर्मवर घरगुती, शेती, व्यापारी असे रकाने होते. स्कूटर यापैकी कशातच बसेना. शेवटी 'इतर' असा एक रकाना निघाला, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'मंडप, जत्रा, सर्कस' असं होतं. क्लार्क भला माणूस होता. म्हणाला, सर्कस म्हणून अर्ज करा, सात दिवसांची परवानगी लगेच देतो, पण जनावरं नसल्याचं हमीपत्र लागेल. मी घंटीचा विचार केला आणि परत आलो.

इथून पुढे जे सुरू झालं ते मात्र खरोखर संशयास्पद होतं. ठरावानंतर मी वायर लावलीच नाही. आपण कायदा पाळणारी माणसं. पहिल्या आठवड्यात गाडी बंद पडेल आणि मग सोसायटीला माझी किंमत कळेल असा माझा हिशेब होता. गाडी बंद पडेना. सबिहा रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी घंटी वाजवत जायची आणि संध्याकाळी घंटी वाजवत यायची. मी चोरून काट्यावर पाहिलं. बहात्तर टक्के. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बहात्तर. तिसऱ्या दिवशी, बहात्तर. प्रयोगशाळेत रोज एकच आकडा आला तर तो एक तर निसर्गनियम असतो, नाहीतर शेजारच्या बाकावरून बघून लिहिलेला असतो.

माझ्या स्कूटरमध्ये कुणीतरी वीज भरत होतं.

सगळी सोसायटी माझ्यावर वीज चोरल्याचा संशय घेत होती, आणि मला मात्र कुणीतरी वीज देतंय असा संशय येत होता. तक्रार कुठे करायची हे समजेना. मी सबिहाला विचारलं. घरी आम्ही दखनीत बोलतो, पण तिच्या उत्तराला कुठल्याच भाषेची फार गरज नव्हती. म्हणाली, "चालतेय ना? मग. तुम्ही तुमचे अर्ज करा." मी अर्ज केले. सहा आठवड्यांत नऊ.

एप्रिलच्या एका रविवारी दुपारी डीपी गेली. आधी घूं असा आवाज, मग ढप्प, मग खांबावरून काळं तेल. बारा गॅलऱ्यांत बारा कुटुंबं बाहेर आली, आणि खांबाकडे एकाही माणसाने पाहिलं नाही. सगळ्यांनी पार्किंगमध्ये पाहिलं. स्कूटर तिथे उभी होती. तिला वायर नव्हती. गॅलरीतून लोंबणारं वायरचं टोक तिच्यापासून चांगलं हातभर लांब होतं. पण वारा होता, आणि ते हलत होतं.

वायरमन गोरक्षनाथ आला. वर चढला, खाली उतरला आणि म्हणाला, लोड झाला. मग तो सोसायटीच्या बोअरच्या मोटरपाशी गेला. डीपी गेली त्या वेळी टाकी भरायला ती मोटर चालू होती. गोरक्षनाथने स्टार्टरचा डबा उघडला, आत पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, डबा लावला आणि सायकलवर बसून गेला. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं. पण अकरा गॅलऱ्या माझ्याकडे बघत असताना मी स्टार्टरकडे कसा बघणार?

त्याच संध्याकाळी तातडीची सभा झाली. चौकशी पूर्ण होईपर्यंत स्कूटर जिन्याच्या खांबाला साखळीने बांधावी, कामावर नेण्यापुरती सोडावी, आणि किल्ली छबूबाई काकूंकडे राहावी असं ठरलं. काकूंकडे का, तर काकूंचा किल्ल्यांचा जुडगा कमरेला असतो आणि तो त्या कुणाच्याही हातात देत नाहीत. आप्पांच्याही. डीपी जाळणारा म्हणून टेम्पोचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

सोमवारी सकाळी आठ वाजता सबिहा खाली गेली. मी मागे होतो. रात्री मी चांगलं भाषण तयार केलं होतं, त्यात तीन कायदेशीर मुद्दे होते.

"काकू, किल्ली."

"चौकशी हाय गं बाई," काकू म्हणाल्या. "कामावर चाललीस म्हनून तुज्या सायबांचा सोताचा फोन येऊ दे. मी सोडली आन मागाहून बोल आला तर?"

सबिहाने पर्समधून बीपीचा पट्टा काढला. काकूंचं बीपी ती रोज सकाळी बघते. तिने पट्टा दंडाला गुंडाळला, हवा भरली, सोडली, आकडा पाहिला, आणि पट्टा घडी करून परत पर्समध्ये ठेवला.

काकू थांबल्या. "किती हाय?"

"चौकशी आहे, काकू. साहेबांचा फोन आल्यावर सांगते."

काकूंनी जुडग्यातली किल्ली काढली. माझं भाषण अजूनही कुणी ऐकलेलं नाही. सबिहा आठ अठ्ठावन्नला पोचली. मंगळवारी काकू देवळात होत्या, तेव्हा आठ एकोणसाठ. यादी जायला आठ दिवस होते आणि फ्रिजवरचा कागद मला स्वप्नात दिसू लागला होता. त्यात काकूंनी आणखी एक बातमी दिली. शुक्रवारी पहाटेच त्या सोनईला बहिणीच्या नातवाच्या बारशाला चालल्या होत्या. चार दिवस. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून.

बुधवारी टेम्पो निघाला. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि आप्पा. मागे जळकी डीपी आणि मी. डीपीला दोर बांधला होता, मला बांधला नव्हता. नगरला जाईपर्यंत माझ्या पँटचा रंग तेलाने बदलला. तिथल्या गोदामात आम्ही चार खिडक्या फिरलो. पाचवीवर दुरुस्त केलेली डीपी मिळाली. तिच्यावर खडूने 'चांगली' असं लिहिलेलं होतं. मग परत, केबिनमध्ये आप्पा, मागे चांगली डीपी आणि मी.

वाटेत आप्पांना चहाची तल्लफ आली आणि टेम्पो बाभूळतळ्यात थांबला. चौकात पिठाची गिरणी आहे. गिरणीसमोर, पिठाने पांढरी होऊन, हँडलला घंटी असलेली एक स्कूटर उभी होती. गिरणीच्या बोर्डातून निघालेली वायर थेट तिच्या पोटात गेली होती.

गिरणीवाल्या बायडाबाईंनी मला तेलकट पँटसकट ओळखलं. कसं, ते मी विचारलं नाही. "या दाजी, बसा," म्हणत त्यांनी बाकावरचं पीठ पदराने झटकलं. त्यांच्याकडून सगळं समजलं. ठराव झाला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून सिस्टर गाडी इथे लावतात. विजेचं जे काय असेल ते महिन्याला देतात, बायडाबाई नको म्हणतात, सिस्टर डब्याखाली ठेवून जातात. "तुमी लई अर्ज करताय म्हन," बायडाबाई कौतुकाने म्हणाल्या. "सिस्टर सांगत्यात. गावात सगळ्यास्नी ठावं हाय."

आप्पा चहाचा कप हातात धरून स्कूटरकडे बघत होते. त्यांच्या मनात गणित चाललेलं मला दिसत होतं, कारण तेच माझ्याही मनात चाललं होतं. सहा आठवडे ही गाडी आमच्या डीपीवरची वीज प्यायलेलीच नाही. मग डीपी कशाने जळली?

टेम्पो निघाला तेव्हा आप्पा केबिनमध्ये बसले नाहीत. बासष्ट वर्षांचे चेअरमन धोतराचा सोगा सावरत मागे चढले आणि डीपीच्या पलीकडे बसले. बराच वेळ आमच्यामध्ये ती डीपीच होती.

"बोअरची तीन एचपीची गेल्ती," ते शेवटी म्हणाले. "माघात."

"मग?"

"रानातली एक पडून हुती. म्हटलं गंजून जायाची. बसवली."

"किती एचपीची, आप्पा?"

आप्पांनी उसाच्या एका शेताकडे पाहिलं. ते संपल्यावर पुढच्याकडे पाहिलं. "साडेसात," म्हणाले.

सोसायटीच्या बोअरला, बारा फ्लॅटच्या टाकीसाठी, सहा एकर ऊस भिजवणारी मोटर. माझा ऊर भरून आला. सहा आठवडे मी ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो असा डीपीला टेकून समोर बसला होता. मी त्यांना सांगितलं, आधी साखळी काढा, मग बघू. आप्पा खरंच अडचणीत होते. म्हणाले, "साखळी ठरावानं लागली, ठरावानंच निघंल. मी हातानं काढली तर लोक म्हनतील, ह्येचंच कायतरी हाय." मग जरा थांबून म्हणाले, "तू सभेत काय बोलनार, त्येवडं सांग."  चौदा वर्षांच्या चेअरमनला शेवगावपर्यंत बिनबोलता आणण्यात जी मजा आहे ती मी त्या दिवशी पूर्ण घेतली.

घरी आल्यावर मी सबिहाला विचारलं, मला सांगितलं का नाहीस. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही बायडाबाईंकडे ना हरकत दाखला मागायला गेला असता." मी या आरोपाचा विचार केला. मी त्या दाखल्याचा मसुदा मनात सुरूही केला होता.

गुरुवारी संध्याकाळी डीपी चढली, पंखे फिरू लागले आणि सभा भरली. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशात चिठ्ठी होती, तिच्यावर एकच आकडा: साडेसात. मी उठणार एवढ्यात आसाराम भाऊंनी कामकाज समजावून सांगितलं. जबाबदारी स्कूटरवर निश्चित झाली तर चौकशी आजच संपते, साखळी आजच निघते. दुसऱ्या कुणाचं नाव पुढे आलं तर नवी चौकशी, तीन जणांची उपसमिती, पंधरा दिवसांची नोटीस. तोपर्यंत साखळी आहे तशी. आणि कुणी ती तोडली तर तो दुसरा गुन्हा.

मी सबिहाकडे पाहिलं. ती बायकांच्या ओळीत मागे बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. ती काकूंच्या कमरेकडे बघत होती. उद्या पहाटे तो जुडगा सोनईला जाणार होता. आप्पांकडे पाहिलं, तर ते छताच्या फिरत्या पंख्याची पाती मोजत होते. तीनच पाती, पण ते मोजतच होते.

मला तुम्हाला हे सांगायला आवडलं असतं, की मी मोठ्या मनाने निर्णय घेतला. खरं म्हणजे माझं मन त्या वेळी फार छोटं झालं होतं. त्यात फक्त एक मोबाईल मावत होता, नऊ वाजून एक मिनिट दाखवणारा.

"माझ्या स्कूटरनेच जाळली," मी म्हणालो. "साडेपाच एचपीची आहे. मला आधीच कळायला हवं होतं."

सभेने एकदम श्वास सोडला. आसाराम भाऊ लिहू लागले. वायर किती वाजता लावली होती, त्यांनी विचारलं. मी बारा वीस सांगितलं. त्यांनी मान हलवली. चूक, डीपी बारा दहाला गेली. मग मला माझा खोटा गुन्हा दहा मिनिटं अलीकडे आणावा लागला. सही केली. अकरा साक्षीदारांनी सह्या केल्या. पहिली सही आप्पांनी केली. 

साखळी निघाली.  दार उघडल्यावर सबिहा म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात."

"कुणाला दिसलं?"

"सगळ्यांना. त्यांना वाटलं शरमेने."

मग तिने न विचारता चहा टाकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला स्कूटरच्या मागे बसवून कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडलं. घंटी वाजत होती. भाजीवाले वळून बघत होते आणि एकमेकांना दाखवत होते, की हाच तो. मी त्यांच्याकडे बघून हात हलवला. ती आठ एकावन्नला पोचली.

यादी आली. सबिहाचं नाव सत्तेचाळिसावं होतं. पुढचे अकरा महिने ती नर्स आहे. मी मात्र सोसायटीच्या दप्तरात कायमचा डीपी जाळणारा आहे. माझ्याकडे आता कुणी मिक्सर घेऊन येत नाही. प्रयोगशाळेत मी बटण दाबायला हात पुढे केला की मुलं एक पाऊल मागे सरकतात.

बोअरला अजून तीच मोटर आहे. आप्पा म्हणतात, दुसरी बसवली तर लोक विचारतील, आधीची कुटं गेली आन ती कसली हुती. त्यामुळे दर रविवारी दुपारी ती सुरू होते, टाकी चार मिनिटांत भरून ओसंडते, आणि खांबावर खडूने 'चांगली' लिहिलेली डीपी घूं करू लागते. मी गॅलरीत उभा राहून ऐकत असतो. आवाज गेल्या रविवारपेक्षा थोडा जाड आहे. वेळेत अर्ज केलेला बरा, म्हणून दहावा अर्ज आजच दिला आहे. त्याची प्रत:

प्रति,
मा. चेअरमनसाहेब, गुलमोहर सोसायटी, शेवगाव.

विषय: पुढील डीपी आणतेवेळी टेम्पोच्या केबिनमध्ये बसण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, पुढील डीपी जळाल्यास ती अर्जदारानेच जाळली असे धरण्यात येईल, याची अर्जदारास पूर्ण कल्पना असून त्याबद्दल तक्रार नाही. त्या वेळी स्कूटर कोठे होती, हे विचारण्यात येऊ नये. अर्जदार टेम्पो करील, नगरला जाईल व चार खिडक्या फिरून पाचव्या खिडकीवर उभा राहील. तथापि मागे बसल्याने अर्जदाराची एक पँट कायमची निकामी झाली असून दुसरी लग्नाची आहे. तरी केबिनमधील खिडकीकडील जागा अर्जदारास मंजूर व्हावी. मागे डीपीजवळ बसणाऱ्या व्यक्तीस, ती कोणीही असो, अर्जदार आपल्या घरची एक उशी विनामूल्य देण्यास तयार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
परवेझ, फ्लॅट नं. ७